कोंबडीएवढी गोष्ट

"तर एकदा काय झालं," म्हणायला मी तोंड उघडलं आणि चिकनवाल्याने मशीनचं बटण बंद केलं. मास्तरीण नागडी होऊन बाहेर आली होती. मी उघडलेलं तोंड मिटून घेतलं, तर कवळी वाजली. ती नेहमी ऐन वेळी साक्ष देते. "काय आजोबा, काही म्हणालात?" त्याने विचारलं. म्हटलं, जांभई आली. "घरची होती ना?" मास्तरणीला तंगडीने उचलून निथळत तो म्हणाला, "घरच्यांची पिसं घट्ट असतात. हिला जरा जास्तच टाइम लागला." जास्त! शिंक येणार येणार म्हणून माणूस तोंड वर करून उभा राहतो, तेवढ्या वेळात सगळा कारभार आटोपला होता. गरम पाण्यात बुडवून काढली, पिंपात टाकली, पिंपाच्या आतल्या बाजूला रबराची बोटं, खालची तबकडी गरगर फिरली, कोंबडी त्या बोटांत धडपडल्यासारखी नाचली, आणि पिसं खालच्या भोकातून ओल्या पानांसारखी बाहेर. मी आयुष्यभर लिफ्टा दुरुस्त केल्यात, मला मशीनचा राग येत नाही. उलट मी कान देऊन ऐकत होतो. "बेअरिंग कोरडं पडलंय तुझं," मी म्हटलं. "माझं?" "मशीनचं रे. तुझं आतलं कसं कळणार मला." तो हसला, मास्तरणीला पिशवीत घातलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. मी मात्र तिथेच उभा. कारण ओल्या पिसांचा तो वास आला होता, ओल्या गोधडीत कुणीतरी उकडलेलं अंडं विसरून गेल्यासारखा, आणि तो वास आला की माझ्या जिभेला गोष्ट सांगायचा हुकूम सुटतो. हुकूम सुटला होता. पण सांगायला जागाच उरली नव्हती.

मास्तरीण म्हणजे आमची कोंबडी. मान ताठ ठेवून गच्चीवर अशी फिरायची की चुकीच्या जागी पडलेल्या दाण्यालाही आपली चूक कळावी. हिने पाळलेल्या कोंबड्यांतली ती शेवटची. ही म्हणजे माझी बायको, जी आता नाही. गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी हिची खुराडी असायची, आणि हिचा एक नियम होता: घरची कोंबडी बाहेर द्यायची नाही, कोपऱ्यात आजारी पडून मरू द्यायची नाही, तिचं अंडं देणं संपलं की तिला मानाने घरातल्याच पातेल्यात आणायची आणि घरच्यांनीच साफ करायची. मान पिरगळायचं काम ही करायची. त्या वेळी मला नेमकी पाण्याची टाकी किती भरली ते बघायचं असायचं. मग दोघं समोरासमोर, दोन बुटक्या स्टुलांवर, मध्ये घमेलं. पाणी किती गरम हवं ते ही बोट घालून ठरवायची. बोट बुडवून "आई गं" म्हणावंसं वाटलं पण म्हटलं नाही, की पाणी बरोबर. कोंबडी बुडवायची, पंखाचं एक लांब पीस ओढून बघायचं, ते लोण्यातून सुरी निघावी तसं निघालं की सुरुवात. मी पायांकडून, ती मानेकडून. छातीवर हात एकमेकांना भेटायचे. आणि मी म्हणायचो, तर एकदा काय झालं.

गोष्ट कोंबडीएवढी. हा दुसरा नियम. शेवटचं पीस निघालं की गोष्ट संपली पाहिजे, त्याच्या आधी नाही आणि नंतर तर मुळीच नाही. कोवळी तलंग असली की गोष्ट छोटी: त्या मंद लिफ्टीची, जिच्यात खालून बसलेला नवरदेव मांडवाच्या मजल्यावर पोचला तेव्हा नवरीला नातवंडं झाली होती आणि त्यांनीच त्याला ओवाळलं. म्हातारा कोंबडा म्हणजे पाहुणेरावळे, भांडणं, तुरुंगवास, सगळं मावायचं त्यात. मी थापा मारतो हे हिला ठाऊक होतं. खरं सांगतोय असं वाटलं असतं तर ती उठून गेली असती. पण थाप नीट बसली की नाही ते हिच्या बोटांवरून कळायचं. कंटाळली की मूठमूठ पिसं उपटायची, चराचरा, म्हणजे आवरा आता. गोष्टीत अडकली की एकेक पीस, तेही दोन बोटांनी, जणू कोंबडीला दुखेल. आणि मी कधी शेवट घाईत उरकला, की कोंबडी पार गुळगुळीत झालेली असतानाही ही पंखाखाली अंगठा दाबून धरायची आणि म्हणायची, "हे बघा, एक राहिलंय." म्हणजे शेवट पटला नाही, दुसरा आणा. त्या अंगठ्याखाली खरंच काही असायचं का, देव जाणे. मी कधी डोकावलो नाही. लिफ्टीच्या पोकळीत मान घालून वर बघायची हिंमत मला होती, पण हिच्या अंगठ्याखाली नव्हती.

मशीनचं म्हणाल तर असलं मशीन मी तेव्हाच केलं होतं. कामावर भंगारात गेलेल्या वॉशिंग मशीनचं पिंप मिळालं, कुठूनतरी रबराची बोटं मिळवली, सुट्टीच्या दिवशी भोकं पाडत बसलो. हिला वाटलं कपडे धुवायची सोय चाललीय, म्हणून चहा दोनदा मिळाला. मग एक दिवस हिला स्टुलावर बसवलं, कोंबडी पिंपात टाकली, बटण दाबलं, आणि हिने घमेलं पुढे ओढेपर्यंत कोंबडी तयार. मी विजयी मुद्रेने बघत राहिलो. हिने त्या गुळगुळीत कोंबडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मोकळ्या हातांकडे बघितलं. म्हणाली, "आणि गोष्ट?" एवढंच. भांडली असती तर मी जिंकलो असतो. दुसऱ्या दिवशी मी ते मशीन सोडवलं. रबराची बोटं फुकट कशाला जायची म्हणून कापून घरातल्या सगळ्या खुर्च्यांच्या पायांना बसवली. अजून आहेत. आमच्या घरात खुर्ची सरकली तर आवाज होत नाही. कोण कधी उठून गेलं तेही कळत नाही.

पिशवी मांडीला लागत होती आणि गरम होती. मशीनमधून निघालेल्या कोंबडीत इतकी ऊब असेल असं मला वाटलं नव्हतं. रस्ता नेहमीचा: चष्म्याचं दुकान, किल्ल्या करणारा, बँकेबाहेरची रांग, तिच्यातून वाट काढत मी मास्तरणीला घेऊन चाललेला. खरं म्हणजे मला घाई नव्हती. घाई होती ती दुकानात जाताना. काल रात्रीचं जेवण झाल्यापासून मी हिच्यासमोर अर्धी राहिलेली ती एक गोष्ट दुमडत होतो, मोठी सतरंजी लहान पिशवीत कोंबावी तशी. कारण बोटांनी माझ्या संप पुकारलाय. शर्टाचं बटण लावायला बसलो की बटण आणि काज यांची ओळख करून देण्यातच सकाळ जाते, मग पिसं काय उपटणार. सूनबाई म्हणाली, "बाबा, मशीनवर न्या. तुमच्या हातांना झेपणार नाही, आणि मला त्या वासाने मळमळतं." मास्तरणीचा पाय लुळा पडला होता, अंडं देणं केव्हाच थांबलं होतं, आणि इमारतीतले लोक गच्ची मोकळी करा म्हणून मागे लागले होते. कोंबडी घरच्याच पातेल्यात आणायचा हिचा नियम मोडायची हिंमत माझ्यात नाही. हिच्यामागे बाकीच्या कोंबड्या याच नियमाने गेल्या, पण त्या साऱ्यांच्या वेळी शेजारीण यायची, फटाफट उपटून जायची आणि तोंडाने बडबड तीच करायची. मी मास्तरीण राखून ठेवली होती. ती हिच्या चपलेमागे पळत मोठी झालेली. ती गोष्ट उघडायची तर मास्तरणीवर, असं मी मनाशी ठरवलं होतं. म्हणून म्हटलं, मशीन तर मशीन. गोष्ट आखडती घेऊ, पिंपाशेजारी उभं राहून पुटपुटू. मशीनच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार आहे. आणि तिथे मला "तर एकदा"सुद्धा म्हणता आलं नाही. आता मास्तरीण पिशवीत होती, आणि ती बाई अजून लिफ्टीतच उभी होती.

ती बाई म्हणजे अंडीवाली. गोष्ट अशी होती: एका उंच इमारतीच्या लिफ्टीत सगळ्या बटणांच्या वर आणखी एक बटण होतं, ज्याच्यावर आकडा नव्हता. ते सगळ्यांना दिसायचं नाही. ज्याचे दोन्ही हात भरलेले असतील त्यालाच दिसायचं, म्हणजे ज्याला दिसायचं त्याला दाबता यायचं नाही. मोठमोठे लोक सामान घेऊन चढले, बटण बघितलं, सामान खाली ठेवलं, की बटण गुल. एक दिवस अंडीवाली चढली. दोन्ही हातांत टोपली, काठोकाठ भरलेली. तिने बटण बघितलं आणि नाकाने दाबलं. इथे ही इतकी हसली होती की हातातलं पीस केसांत चिकटलं. लिफ्ट वर निघाली. शेवटचा मजला गेला, गच्ची गेली, पाण्याची टाकी गेली, घारी बाजूला सरकून उभ्या राहिल्या. गार वारा लागायला लागला, आणि टोपलीतली अंडी आतून टकटक करायला लागली. हिची बोटं केव्हाच मंदावली होती. दोन बोटांनी, एकेक. मग लिफ्ट थांबली. "आणि दार," मी म्हणालो. तेवढ्यात हिने ओला हात उचलला. "अहो, थांबा. डोकं जरा गरगरतंय. पाठ टेकून येते." उठली, दारापाशी जाऊन वळली. कपाळावर घाम होता आणि केसांत ते पीस. म्हणाली, "मी येईपर्यंत दार उघडू नका हं." मी म्हटलं, नाही उघडत. अर्धी पिसं काढलेली कोंबडी समोर ठेवून बसून राहिलो. शेवट अजून माझ्याकडे नव्हता, म्हणून मनात खूशच होतो, वेळ मिळाला. पाणी निवलं. मी हाक मारली. मग उठून गेलो. पुढचं सांगण्यासारखं नाही, आणि मी न सांगता ठेवलंय असं जगात फारसं काही नाही, यावरून काय ते समजा.

तेव्हापासून ती बाई तिथेच आहे. लोकांना मी बाकीच्या गोष्टी सांगतो, लग्नात, बाकावर, दवाखान्याच्या रांगेत. ती एक नाही. पण जेवता जेवता मध्येच आठवतं. वाटतं, बाईचे हात भरून आले असतील. बटण दाबून नाक अजून गार असेल. मी घास खाली ठेवतो. सून विचारते, खारट झालंय का. मी म्हणतो, नाही नाही, छान झालंय. आणि पिशवीतल्या मास्तरणीची ऊब माझ्या मांडीला लागत होती, कमी कमी होत होती, आणि मला असं वाटत होतं की ती विझायच्या आत काहीतरी करायला हवं होतं, आणि काय ते मला कळत नव्हतं.

सूनबाईची आज सुट्टी. ती ब्यूटी पार्लरमध्ये असते, दिवसभर बायकांच्या भुवयांना वळण लावते. माझ्या मुलाची बदली दूरच्या गावी, त्यामुळे घरात आम्ही दोघं, आणि एकमेकांना त्रास होऊ नये म्हणून इतके जपतो की कधी कधी दोन भाडेकरू वाटावं. तिने पिशवी घेतली, मास्तरणीला ओट्यावर ठेवलं, नळाखाली बोट फिरवलं आणि थांबली. "बाबा, हे काय? हिची दाढी राहिलीय की!" मी चष्मा पुसला. खरंच. मास्तरीण पिसं गाळत होती, जुनी पडून नवी फुटत होती, आणि त्या नव्या पिसांचे आखूड निळसर खुंट कातडीत जागोजाग तसेच. पंखांच्या टोकांना, शेपटाशी, मांडीवर. रबराच्या बोटांना लांब पीस धरता येतं, खुंट नाही. मी लिफ्टवाला असून हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. "परत देऊन या त्याच्याकडे," ती म्हणाली. "मी बसतो," मी म्हणालो. मी इतक्या पटकन म्हणालो की तिने वळून बघितलं.

घमेलं काढलं. माझं स्टूल होतंच. मास्तरणीला मांडीवरच्या फडक्यावर घेतलं आणि पहिला खुंट धरला. तो निसटला. पुन्हा धरला, पुन्हा निसटला. बोटं अशी वागत होती जणू आमची आजच ओळख झालीय. सून ओट्याला टेकून बघत होती, नाकावर हात ठेवून. मग आत गेली. मला वाटलं झालं, मळमळलं. पण ती आपली कामाची पर्स घेऊन आली, तिच्यातून चिमटा काढला, खुर्ची ओढली, ती उंच झाली म्हणून परत सारली. कोपऱ्यातल्या दुसऱ्या स्टुलावर कुंडी होती. ती उचलून खाली ठेवली, स्टूल आणून माझ्यासमोर टेकवलं. ते स्टूल कुणाचं हे तिला माहीत नसावं. आमच्याकडे ती आली तेव्हापासून त्याच्यावर कुंडीच बघितलीय तिने.

"द्या इकडे. दिवसभर हेच करते," ती म्हणाली. "फक्त तिथे गिऱ्हाईक आई गं म्हणतं."

"ही नाही म्हणणार."

"मग बरीच आहे हो. आणि अर्ध्यातून फोनसुद्धा घेणार नाही." चिमटा टचकन बसला, खुंट सुळकन निघाला. इतका नीट की मास्तरीण जिवंत असती तर तिनेही मान डोलावली असती. दोन-चार निघाले. सून नाकाने श्वास न घेता बसली होती, त्यामुळे आवाज सर्दी झाल्यासारखा येत होता. "बोला ना बाबा काहीतरी. पार्लरच्या खुर्चीत बसलं की बायका बोलायला लागतात, नवरा, सासू, सगळं निघतं. मला सवय झालीय. गप्प बसलं की हात चालत नाही माझा."

मी पंख ताणून धरला, तेवढं मला जमत होतं. म्हटलं, "तर एकदा काय झालं."

सुरुवातीपासून सांगितली. लिफ्ट, आकडा नसलेलं बटण, भरलेले हात. "मग कोपराने दाबायचं," सून म्हणाली. "कोपर टोपलीखाली होतं." "मग चप्पल काढून पायाने." "म्हातारी होती गं." "आधी नव्हतं सांगितलंत म्हातारी म्हणून!" "आत्ता झाली. लिफ्ट यायला फार वेळ लागला." ती हसली, हसताना श्वास घ्यावा लागला, आणि वास आला तरी उठली नाही. नाकाने बटण दाबल्यावर तिने चिमटा हवेतच धरला. गच्ची गेली, टाकी गेली, घारी सरकून उभ्या राहिल्या. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत नव्हतो, चिमट्याकडे बघत होतो. टच, टच, टच. मग टच. मग बराच वेळ काही नाही, मग टच. मांडी झाली, शेपूट झालं. एक पंख झाला. दुसऱ्या पंखाच्या टोकाला थोडेसे उरले होते. अंडी आतून टकटक करायला लागली, लिफ्ट थांबली, आणि मी गप्प झालो.

"मग?"

मी पंखाकडे बघत राहिलो.

"बाबा, दार उघडलं की नाही?"

"ती नको म्हणाली होती."

"कोण? अंडीवाली?"

मी नाही म्हणून मान हलवली. नळ ठिबकत होता. सूनबाईने माझ्याकडे बघितलं, मग ती बसली होती त्या स्टुलाकडे खाली बघितलं, मग खाली ठेवलेल्या कुंडीकडे. भुवया वाचणारी बाई ती, माझ्या भुवयांत काय दिसलं कुणास ठाऊक. "आई?" तिने विचारलं. "कधीपर्यंत?"

"ती येईपर्यंत."

तिने एक खुंट काढला, घमेल्याच्या काठावर पुसला. मग तिच्या त्या सर्दी झालेल्या आवाजात म्हणाली, "पण टोपली जड असते हो बाबा. त्या बाईचे हात भरून आले असतील."

मला वाटत होतं, एवढं एक वाक्य जगात फक्त माझ्याच डोक्यात आहे.

मी दार उघडलं. काय असणार पलीकडे, हे मला तेव्हाही माहीत नव्हतं आणि आत्ताही नव्हतं, पण तोंड उघडलं की ते आपलं बघून घेतं. दार उघडलं तर समोर एक लिफ्टवाला हत्यारांच्या पेटीवर डबा खात बसलेला. म्हणाला, बाई, लिफ्ट बंद आहे, वाचता येत नाही का, जिन्याने जा. बाई म्हणाली, अरे मेल्या, मी लिफ्टीनेच आले की. तेवढ्यात टोपलीतली अंडी फुटली, एकदम सगळी, आणि पिल्लं टोपलीतून उड्या मारत चिवचिवत जिन्याने खाली निघाली. टोपली रिकामी झाली. हात रिकामे झाले. आणि हात रिकामे झाल्याबरोबर बाईला ते बटण दिसेनासं झालं, मग लिफ्ट दिसेनाशी झाली, मग तो डबा खाणारा. नुसता जिना उरला आणि पिल्लांचा आवाज. बाईने दंड चोळले, आणि निघाली त्यांच्यामागे खाली. "संपली," मी म्हणालो.

आणि खरंच संपली होती. मास्तरीण मांडीवर गुळगुळीत पडली होती, गार, पंख माझ्या हातात. इतकं जपून ठेवलेलं एका दमात संपलं, आणि आत जिथे ती बाई उभी असायची तिथे आता कुणी उभं नव्हतं. हे चांगलं की वाईट ते मला कळेना. आता जेवताना काय आठवायचं. मी फडकं आवरायला घेतलं.

"थांबा," सूनबाई म्हणाली. चिमटा तिने कधीच खाली ठेवला होता. पंखाच्या आतल्या बाजूला तिने अंगठा दाबून धरला होता, घट्ट, नख पांढरं होईपर्यंत, आणि माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "उठताय कुठे? हे बघा, एक राहिलंय."

हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. शिकवणारी तर सूनबाई घरात यायच्या आधीच गेली होती. मी पुन्हा स्टुलावर बसलो. चष्मा पुसायला हवा होता, पण पुसला नाही, नाहीतर अंगठ्याखालचं स्पष्ट दिसलं असतं.

"तर बाई जिन्याच्या पहिल्या वळणावर पोचली," मी म्हणालो, "आणि बघते तर काय..."